गाण्यात एक गिटार ऐकू येते, स्टुडिओत ती चारदा वाजलेली असते! रिदम आणि लीड गिटारचं रेकॉर्डिंग असं होतं

'यादों की बारात'मधलं 'चुरा लिया' आठवून बघा. १९७३ चा सिनेमा. सुरुवातीला काचेच्या ग्लासवर किणकिण होते आणि मागोमाग गिटार सुरू होते. आशा भोसले, मोहम्मद रफी आणि संगीतकार आर. डी. बर्मन ही नावं सगळ्यांना पाठ असतात. पण ती गिटार कोणी वाजवली, असं विचारलं की बहुतेकांची गाडी अडते.

ती वाजवली होती भूपिंदर सिंग यांनी. 'मौसम'मधलं 'दिल ढूंढता है' गाणारे तेच भूपिंदर. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या 'दम मारो दम'ची गिटारसुद्धा त्यांचीच.

आता हेच गाणं इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात किंवा आणखी कुठल्याही गावात एखादा पोरगा मोबाईलसमोर बसून वाजवतो आणि रील टाकतो. सूर बरोबर, ताल बरोबर, हातही तयार. तरी ऐकताना काहीतरी फिकं वाटतं. मग दोष गिटारला दिला जातो, नाहीतर महागडा माईक घ्यायचा विचार सुरू होतो.

खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. रेकॉर्ड झालेल्या गाण्यात जी 'एक' गिटार ऐकू येते, ती सहसा एक नसते. त्यात रिदमचं काम वेगळं असतं, लीडचं वेगळं असतं आणि दोन्ही रेकॉर्ड करायच्या पद्धतीही वेगळ्या असतात. त्या कशा, ते एकेक करून बघू.

रिदम काय आणि लीड काय?

गावातलं भजन डोळ्यासमोर आणा. तुकोबांची पालखी दरवर्षी याच इंदापूर तालुक्यातून जाते, त्यामुळे दिंडीतलं भजन इथं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. टाळकरी एका लयीत टाळ धरून असतात. बुवा त्या लयीवर हरकती घेतात, चाल वर नेतात, थांबतात, पुन्हा समेवर येतात. टाळ हलले तर बुवांना काही करता येत नाही. आणि बुवांनी काहीच केलं नाही तर नुसत्या टाळांनी भजन रंगत नाही.

रिदम गिटारचं काम टाळ आणि पेटी या दोघांचं मिळून असतं. ती कॉर्ड्स वाजवते, म्हणजे एकाच वेळी तीन-चार किंवा त्याहून जास्त सूर. त्यातून गायकाला सुराचा आधार मिळतो आणि उजव्या हाताच्या फटक्यांतून लय मिळते. ऐकणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष जात नाही, आणि जाऊही नये अशीच अपेक्षा असते.

लीड गिटारचं काम बुवांचं. एकेक सूर वाजतो, चाल पुढे जाते. गाण्याची सुरुवात, दोन कडव्यांमधला तुकडा, मधला सोलो, गायकाच्या ओळीला दिलेलं उत्तर, हे सगळं लीडमध्ये येतं.

एक घोळ इथंच मिटवलेला बरा. मुंबईच्या सिनेसंगीतात नुसतं 'रिदम' म्हटलं की तबला, ढोलक, कोंगो, ड्रम वाजवणारी मंडळी असा अर्थ घेतला जायचा. आर. डी. बर्मन यांच्याकडे ती बाजू मारुतीराव कीर सांभाळायचे. रिदम गिटार हा त्यातला प्रकार नाही. ती त्या तालवाद्यांना आणि सुरांच्या वाद्यांना जोडणारी कडी आहे.

पूर्वी सगळे एकदमच वाजवायचे

हिंदी सिनेमात गिटार तशी लवकर आली. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९४७ च्या 'शहनाई'मध्ये गिटार, हार्मोनिका आणि शिट्टी असा मेळ वापरला होता. पण तेव्हा आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं 'गिटारचा वेगळा ट्रॅक' असा काही प्रकारच नव्हता.

मुंबईत ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस, वांद्र्याचा मेहबूब अशा स्टुडिओंत मोठ्या हॉलमध्ये सगळे वादक एकाच वेळी बसायचे. व्हायोलिनवाले एका बाजूला, तालवाले दुसऱ्या बाजूला, गायक वेगळ्या केबिनमध्ये. मोठ्या गाण्याला वादकांचा आकडा कधीकधी शंभराच्या घरात जायचा. गोव्याहून आलेले अनेक वादक पाश्चात्त्य पद्धतीचं नोटेशन वाचून वाजवायचे, तर इतर कित्येक जण आपला भाग सा रे ग म मध्ये लिहून घ्यायचे.

रेकॉर्डिस्ट मोजक्या माईकवर हा सगळा आवाज घ्यायचा आणि कोण किती मोठा ऐकू यावा हे तिथल्या तिथे, गाणं चालू असतानाच ठरवायचा. नंतर गिटार जरा वाढवू, असं म्हणायची सोय जवळपास नव्हती. शेवटच्या कडव्यात गिटारवाल्याचं बोट घसरलं, तर सगळ्यांनाच पुन्हा वाजवावं लागायचं.

या दडपणाखाली बसणारे वादक कसे असतील याचा अंदाज करा. भानू गुप्ता हे आर. डी. बर्मन यांचे रिदम गिटारवादक. 'शोले'मधली गाजलेली हार्मोनिकाची धूनसुद्धा त्यांनीच वाजवली होती. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे गोरख शर्मा होते, प्यारेलाल यांचे भाऊ. १९८० च्या 'कर्ज'मध्ये 'एक हसीना थी'ची जी गिटार वाजते, ती गोरख शर्मांची. त्या सिनेमात तर गोष्टच त्या धुनेभोवती फिरते. पडद्यावर गिटार ऋषी कपूरच्या हातात दिसते, बोटं मात्र दुसऱ्याची होती.

वेगवेगळे ट्रॅक कुठून आले?

गिटारचे अनेक थर एकावर एक चढवायची कल्पना गाजवली ती एका गिटारवादकानेच. अमेरिकेतल्या लेस पॉल यांनी १९४८ मध्ये 'लव्हर' ही धून काढली. त्यात ऐकू येणाऱ्या सगळ्या गिटारी त्यांनी एकट्याने वाजवल्या होत्या. एक थर तबकडीवर घ्यायचा, तो वाजवत त्याच्यासोबत दुसरा थर वाजवायचा आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर घ्यायचे, अशी ती पद्धत होती. एक चूक झाली की अख्खा डोलारा पुन्हा पहिल्यापासून. पुढे १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीने त्यांच्यासाठी आठ ट्रॅकचं टेप मशीन बनवलं. आता एकाच फितीवर आठ वेगळे आवाज शेजारी शेजारी ठेवता येऊ लागले.

भारतीय सिनेसंगीतात ही पद्धत सावकाश रुळली. १९८० च्या आणि ९० च्या दशकांत मल्टीट्रॅकचा वापर वाढत गेला, मग कॉम्प्युटर आला आणि शंभर वादकांनी एकत्र बसायची गरज कमी होत गेली. आज रिदम गिटारवाला सोमवारी वाजवतो आणि लीडवाला शुक्रवारी, तेही दुसऱ्या शहरातून. दोघांची भेटही होत नाही.

यामुळे वादकाची एक मोठी चिंता मिटली. चूक झाली तर तेवढाच तुकडा पुन्हा वाजवता येतो. पण एक नवी अडचणही आली. समोर बसलेल्या माणसाकडे बघून जी लय जुळायची, ती आता हेडफोनमधून जुळवावी लागते.

पहिली पायरी : क्लिक आणि डमी

म्हणून आजच्या रेकॉर्डिंगची सुरुवात गिटारने होत नाही. ती 'क्लिक'ने होते.

क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये वाजणारी टिक-टिक. गाण्याचा वेग मिनिटाला ९० ठोके ठरला, तर प्रत्येक ठोका साधारण ०.६७ सेकंदांनी पडतो. पुढे जो कोणी वाजवेल तो याच टिक-टिकीवर वाजवतो. त्यामुळे आठ दिवसांनी आलेला वादकही आधीच्या वादकाशी जुळतो.

त्यानंतर 'डमी' किंवा 'स्क्रॅच' ट्रॅक घेतला जातो. कोणीतरी साध्या आवाजात गाऊन ठेवतं, सोबत साधी गिटार किंवा कीबोर्ड असतो. हा ट्रॅक शेवटी काढून टाकायचा असतो. तो वादकाला फक्त रस्ता दाखवतो : इथं मुखडा, इथं कडवं, इथं चार मात्रा थांबायचं.

मग सहसा ड्रम किंवा ताल, त्यावर बास, त्यावर रिदम गिटार, मग गायन आणि शेवटी लीड गिटार असा क्रम असतो. लीड शेवटी का, ते पुढे येईलच.

अकूस्टिक रिदम : माईक भोकासमोर ठेवायचा नाही

लाकडी, पोकळ अंगाची अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करताना नवखे लोक हमखास एक चूक करतात. आवाज भोकातून येतो म्हणून माईक भोकासमोर लावतात. त्या भोकातून खालच्या सुरांचा घुमारा बाहेर पडतो आणि रेकॉर्डिंग माठात बोलल्यासारखं येतं.

स्टुडिओत माईक सहसा गिटारच्या मानेकडे वळवतात. मानेवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बाराव्या ते चौदाव्या फ्रेटच्या समोर, साधारण २० ते ३० सेंटीमीटर अंतरावर कंडेन्सर माईक ठेवला की तारेचा खणखणीतपणा आणि लाकडाचा उबदारपणा दोन्ही मिळतात. माईक पुढे-मागे चार बोटं सरकवला तरी आवाज बदलतो. म्हणून वादक वाजवत राहतो, दुसरा माणूस हेडफोन लावून माईक हलवत राहतो आणि ऐकून जागा पक्की करतो.

त्याआधी दोन गोष्टी होतात. एक, तारा नव्या असतात, पण आदल्या दिवशी चढवून ताणलेल्या. आत्ताच चढवलेली तार सारखी उतरते. दोन, प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनिंग तपासलं जातं. चुकीचा सूर पुढे दुरुस्त करायला जावं, तर एका कॉर्डमधले पाच-सहा सूर एकात एक मिसळलेले असतात. गायकाचा एक सूर सुधारणं त्यामानाने सोपं असतं.

इलेक्ट्रिक रिदम : अँपसमोर माईक किंवा थेट वायर

इलेक्ट्रिक गिटारचा खरा आवाज गिटारमध्ये नसतोच. तो अँपमध्ये आणि त्याच्या स्पीकरमध्ये तयार होतो. म्हणून माईक स्पीकरला लावतात. या कामासाठी जगभर शुअर कंपनीचा एसएम ५७ हा माईक वापरला जातो. १९६५ पासून तो बाजारात आहे.

इथेही जागेला महत्त्व. माईक स्पीकरच्या बरोबर मधोमध रोखला तर आवाज धारदार येतो. कडेकडे सरकवला तर तो मऊ होत जातो. जाळीपासून दोन-चार सेंटीमीटरवर ठेवला तर जाड आणि अंगावर येणारा, लांब नेला तर खोलीचा घुमारा मिसळलेला.

दुसरा मार्ग म्हणजे अँप न वापरता गिटारची वायर थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये घालायची. याला डीआय म्हणतात. कोरा आवाज कॉम्प्युटरमध्ये जातो आणि अँपचा परिणाम नंतर सॉफ्टवेअरमधून दिला जातो. अनेक स्टुडिओ दोन्ही करतात. अँपचा आवाजही घेतात आणि सोबत कोरा डीआयही जपून ठेवतात. नंतर आवाज पसंत पडला नाही, तर तोच कोरा ट्रॅक दुसऱ्या अँपमधून वाजवून पुन्हा रेकॉर्ड करता येतो. वादकाला परत बोलवायची गरज पडत नाही.

डिस्टॉर्शन, म्हणजे रॉक गाण्यातला तो फाटका, जाड आवाज, रेकॉर्डिंगमध्ये स्टेजपेक्षा कमी ठेवतात. हे ऐकायला उलटं वाटतं. पण डिस्टॉर्शन जास्त झालं की कॉर्डमधले सूर एकमेकांत विरघळतात आणि उजव्या हाताचा फटका दिसेनासा होतो. जाडी मिळवायची वेगळी युक्ती आहे.

एकच भाग दोनदा का वाजवतात?

ती युक्ती म्हणजे डबल ट्रॅक. रिदम गिटारचं खरं गुपित हेच.

वादक पूर्ण गाणं वाजवतो. मग तेच गाणं, त्याच कॉर्ड्स, तेच फटके, पुन्हा पहिल्यापासून वाजवतो. एक टेक पूर्ण डाव्या बाजूला टाकतात, दुसरा पूर्ण उजव्या बाजूला. हेडफोन लावला की गिटार दोन्ही कानांच्या बाजूंना पसरते आणि मधली जागा गायकासाठी मोकळी राहते.

आता कोणीही विचारेल, दोनदा कशाला वाजवायचं? एकच टेक कॉपी करून दुसऱ्या बाजूला पेस्ट केला तर?

तर काहीच होत नाही. दोन्ही कानांना अगदी तंतोतंत तोच आवाज गेला, तर मेंदूला तो मधूनच आल्यासारखा वाटतो. गिटार पसरत नाही, फक्त मोठी होते. पसरट वाटायला दोन्ही बाजूंमध्ये बारीक फरक हवा. माणूस एकच गोष्ट दोनदा वाजवतो तेव्हा तो फरक आपोआप पडतो. एखादा फटका सेकंदाच्या शंभराव्या भागाने पुढे-मागे होतो, एखादी तार किंचित जोरात लागते.

पण फरक बारीकच हवा. दोन फटक्यांमध्ये १०-२० मिलिसेकंदांचं अंतर पडलं तर कानाला जाडी वाटते. तेच अंतर ४०-५० वर गेलं की दोन वेगळे फटके ऐकू येतात आणि सगळं विस्कळीत वाटतं. म्हणून रिदम गिटारवाल्याची किंमत त्याच्या वेगावर ठरत नाही. दहा वेळा सांगितलं तर दहाही वेळा जवळपास सारखंच वाजवता येतं का, यावर ठरते.

पुष्कळ गाण्यांत याच्याही पुढे जातात. डावीकडे खालच्या जागेवरच्या कॉर्ड्स, उजवीकडे त्याच कॉर्ड्स कॅपो लावून वरच्या जागेवर. किंवा एका बाजूला अकूस्टिक आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रिक. सूर तेच, पोत वेगळा. दोन भाग आणि प्रत्येक भाग दोनदा, म्हणजे चार टेक. ऐकणारा मात्र म्हणतो, 'गिटार मस्त आहे.'

लीडचा हिशोब उलटा

रिदममध्ये सारखेपणा लागतो. लीडमध्ये तो एकदाच येणारा क्षण पकडायचा असतो.

लीड सहसा गायनानंतर घेतात, कारण त्याला गायकाच्या मधल्या जागा भरायच्या असतात. गायक कुठे श्वास घेतो, कुठली ओळ लांबवतो हे कळल्याशिवाय त्याला उत्तर कसं देणार? माणसाचा आवाज आणि लीड गिटार यांची कानाला स्पष्ट जाणवणारी पट्टीही बरीचशी एकच आहे, साधारण १ ते ४ किलोहर्ट्झ. दोघे एकदम बोलले की दोघांचंही कळत नाही.

सोलो रेकॉर्ड करायच्या दोन पद्धती दिसतात. पहिलीत सोलो आधीच पक्का बसवलेला असतो, सूर न् सूर ठरलेला. 'कर्ज'सारखी धून याच प्रकारातली, कारण ती सिनेमात पुन्हा पुन्हा यायची असते. दुसऱ्या पद्धतीत वादकाला फक्त कॉर्ड्स आणि मोकळी जागा देतात. तो पाच-सहा वेळा वेगवेगळं वाजवतो. मग त्यातले उत्तम तुकडे निवडून एक सोलो जोडला जातो. याला कंपिंग म्हणतात.

तिसरी गोष्ट म्हणजे 'पंच'. पूर्ण सोलो छान झाला, फक्त एक सूर हुकला. मग त्याच्या आधीपासून ट्रॅक वाजवतात, वादक सोबत वाजवत येतो आणि नेमक्या जागी रेकॉर्डिंग चालू करून लगेच बंद करतात. टेपच्या काळात रेकॉर्डिस्टचं बोट क्षणभर चुकलं तर शेजारचा चांगला सूर कायमचा पुसला जायचा. आता 'अनडू' आहे.

मराठी कानासाठी लीडमधली सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे मींड. गिटारवर ती तार ओढून, म्हणजे बेंड करून काढतात. तार ओढली की सूर चढतो, पण तो वरच्या सुरावर नेमका पोचला पाहिजे. किंचित कमी पडला तरी आधी कानाला टोचतं. स्टेजवरच्या गोंगाटात हे खपून जातं, हेडफोनमध्ये खपत नाही.

लीडला सहसा मधोमध ठेवतात आणि थोडा डिले देतात. डिले म्हणजे प्रतिध्वनी, आणि तोही तालात बसवलेला. हिशोब सोपा आहे. ६०,००० ला गाण्याच्या वेगाने भागायचं. वेग १०० असेल तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. डिले ६०० किंवा ३०० वर ठेवला की प्रतिध्वनी तालातच पडतो आणि सोलो गाण्यात मुरतो.

शेवटी सगळ्यांना जागा हवी

मिक्सिंगमध्ये गिटारचा बराच भाग कापला जातो, हे ऐकून नवख्यांना धक्का बसतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. त्याच्या खाली जे येतं ती बहुतेक खोलीची, पायाची, टेबलाची धडधड असते. म्हणून खालचा भाग छाटतात आणि ती जागा बास आणि ढोलाला देतात. नुसती रिदम गिटार ऐकली तर ती पातळ वाटते. गाण्यात बसवली की बरोबर वाटते.

सर्वांत मोठी काटछाट मात्र बटणांनी होत नाही. कडव्यात रिदमने कमी वाजवायचं आणि मुखड्यात मोकळं सोडायचं, लीड बोलत असताना कॉर्ड्स धरून ठेवायच्या, हे आधीच ठरवावं लागतं. शंभर वादक एकत्र बसायचे तेव्हा हे काम अरेंजर कागदावर करायचा. आज कॉम्प्युटरवर कितीही ट्रॅक घेता येतात, म्हणून कोणी काही सोडायला तयार नसतं, आणि गाण्याची गर्दी होते.

गावात, घरच्या खोलीत करायचं असेल तर?

इंटरफेस, एक माईक आणि लॅपटॉप असेल तर यातलं बरंचसं घरी होतं. अडचणी मात्र स्टुडिओपेक्षा वेगळ्या असतात.

पहिली अडचण गुणगुणीची. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे आणि इलेक्ट्रिक गिटारचा सिंगल कॉइल पिकअप ती गुणगुण पकडतो. यावरच उपाय म्हणून गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट कॉइलींचा हंबकर पिकअप तयार केला. तो नसेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, ट्यूबलाइट बंद करा, गिटार घेऊन थोडं फिरून बसा. एका दिशेला गुणगुण बरीच कमी होते. घरातलं अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासूनच घ्या. तो नुसता आवाजाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

दुसरी अडचण खोलीची. फरशी, कोऱ्या भिंती, वर पत्रा, म्हणजे आवाज चहूबाजूंनी आपटतो. त्यासाठी महागडे फोम लागत नाहीत. घरातल्या दोन-तीन गोधड्या वादकाच्या मागे आणि बाजूला टांगल्या की फरक लगेच ऐकू येतो. बाहेरचा ट्रॅक्टर मात्र गोधडीने थांबत नाही. त्यासाठी रात्रीची वेळ बरी.

तिसरी अडचण उशिराची. तार छेडल्यावर हेडफोनमध्ये आवाज उशिरा आला तर कोणीही तालात वाजवू शकत नाही. सॉफ्टवेअरमधला बफर ५१२ वर असेल तर ४८ किलोहर्ट्झला एका बाजूचाच उशीर जवळपास ११ मिलिसेकंद होतो. १२८ वर आणला तर तीनपेक्षाही कमी. वाजवताना बफर कमी ठेवायचा आणि मिक्सिंगला बसलं की वाढवायचा.

आवाजाची पातळी लाल दिव्याला टेकवायची नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करताना सर्वांत मोठा फटका उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहिला तरी पुरे. कमी आलेला आवाज वाढवता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत जायचंच ठरलं, तर आधी वेळेचा हिशोब मांडा. चार मिनिटांचं गाणं, रिदमचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा आणि प्रत्येकासाठी तीन प्रयत्न. या झाल्या १२ फेऱ्या, म्हणजे ४८ मिनिटं नुसतं वाजवणं. माईक लावणं, ट्यूनिंग, ऐकून बघणं हे त्यात नाही. स्टुडिओचं मीटर तासावर चालतं. कॉर्ड कुठली ठेवायची हा वाद तिथं जाऊन घातला तर तो पैसे मोजून घातलेला वाद असतो. वेग, पट्टी आणि भाग घरीच ठरवून, डमी रेकॉर्ड करून सोबत न्यावी.

आणि नाव?

भानू गुप्ता आणि गोरख शर्मा दोघेही २०१८ च्या जानेवारीत गेले. भूपिंदर सिंग २०२२ च्या जुलैमध्ये. ज्यांची गिटार लाखो लोकांनी गुणगुणली, त्यांची नावं त्या काळच्या तबकड्यांवर आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत सहसा नसायची. संगीतकार, गीतकार, गायक यांच्यापाशी यादी संपायची. कोणी काय वाजवलं हे पुढे वादकांच्या मुलाखतींतून आणि हौशी अभ्यासकांच्या मेहनतीतून थोडंथोडं बाहेर आलं, तोवर बरीच माणसं निघून गेली होती.

कायदा आता थोडा बदलला आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर वादकांसह सगळ्या कलाकारांच्या सादरीकरणाचे हक्क कॉपीराइट कायद्यात आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्कही मान्य केला. पण हक्क सांगायचा तर त्या ट्रॅकवर कोण वाजलं आहे याची नोंद लागते. ती नोंद करायला कुठलाही स्टुडिओ लागत नाही. फाईल सेव्ह करताना 'ऑडिओ १२' ऐवजी 'रिदम डावी' लिहून वाजवणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकायची, ठरलेले पैसे कागदावर घ्यायचे आणि गाणं अपलोड करताना खाली गायकाच्या नावासोबत गिटारवाल्याचंही नाव लिहायचं. रिदमवाल्याचं आधी लिहिलं तरी चालेल.